सही करण्याआधी पाऊण तास

सुरैय्या सिस्टर मूळच्या हर्णैच्या. शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये त्या अकरा वर्षं नर्स होत्या. १९९८ च्या थंडीत शाळेत गोवराची साथ आली आणि सहा मुलं आजारी पडली. सिस्टरनी फायली काढल्या, तर त्यातल्या पाच जणांच्या फायलीत नकारपत्र. 'आम्हाला लस नको', खाली आई नाहीतर बापाची सही. ऑफिसच्या काउंटरवर अर्ध्या मिनिटात उरकलेली.

सिस्टरनी प्रिन्सिपल मॅडमकडे हट्टच धरला. नकारपत्र कुणाला द्यायचंच असेल तर खुशाल द्यावं, पण आधी नर्सच्या खोलीत पाऊण तास बसून ऐकावं, मगच सही. एप्रिलपासून नियम लागू झाला.

"पण साइड इफेक्ट्सचं फार बोलू नका, सिस्टर," मॅडमनी बजावलं. "लोक घाबरतात."

दुसऱ्याच आठवड्यात सूर्यकांत आले. इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचे मॅनेजर, पुण्याचे. चार वर्षांच्या शुभ्राची केजीत ॲडमिशन होती.

"नकारपत्राचा फॉर्म द्या. मला साइटवर पोचायचंय."

"पाऊण तास बसावं लागेल, साहेब."

"ही जबरदस्ती आहे!"

"बसण्याची आहे. टोचून घेण्याची नाही."

ते बसले, घड्याळाकडे बघत. सिस्टर भिंतीवरच्या तक्त्यावरून समजावत होत्या. सूर्यकांत तिकडे बघतही नव्हते. वीसेक मिनिटांनी एकदम म्हणाले, "माझ्या मोठ्या मुलाला, सिद्धांतला, लसीनंतर आठवड्याने फिट आली. माझ्या मांडीवर. डोळे पांढरे, ओठ निळे. तुमच्या तक्त्यात हे कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. मॅडमचे शब्द सिस्टरच्या कानात होते. तरी त्या तक्त्याकडे पाठ करून समोर बसल्या.

"नाहीये त्यात. ताप चढला की काही मुलांना फिट येते. लसीच्या तापानेही येते. एका भावंडाला आली असेल तर दुसऱ्याला येण्याची शक्यता जास्त. शुभ्राला येऊ शकेल."

सूर्यकांत बघतच राहिले. "आणि तरी घ्या म्हणता?"

"हो. साथीतली एक मुलगी मेंदूला सूज येऊन बारा दिवस आयसीयूत होती. फिट आली तर काय करायचं ते मी तुम्हाला आत्ता शिकवते. मेंदूच्या सुजेवर मला काही शिकवता येत नाही."

पलंगावरची उशी घेऊन त्यांनी दाखवलं. कुशीवर वळवायचं. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळात वेळ मोजायची. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ॲम्ब्युलन्स. सूर्यकांतनी कपाळाला आठ्या घालून उशी कुशीवर वळवली. फॉर्म सही न करताच खिशात घालून गेले.

चार दिवसांनी त्यांची बायको अनुपमा शुभ्राला क्लिनिकमध्ये नेऊन लस देऊन आली. लसीचा ताप बहुतेक सातव्या ते बाराव्या दिवसात येतो, म्हणून सिस्टरनी कागदावर त्या तारखा लिहून दिल्या. खाली आपल्या घरचा नंबर.

नवव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, फोन वाजला.

"सिस्टर, एकशे तीन ताप आहे. औषध देऊनही उतरत नाहीये," पलीकडे अनुपमा होती.

सिस्टरचे यजमान शौकत गाडी घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. त्या टॅक्सीने रोल्ला भागातल्या सूर्यकांतच्या बिल्डिंगपाशी पोचल्या, तीन जिने चढल्या. दार सताड उघडं होतं. सूर्यकांत जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. समोर शुभ्रा कुशीवर, अंग झटके देत होतं. त्यांचा डोळा मनगटावरच्या घड्याळावर.

"एक मिनिट दहा," ते म्हणाले.

सिस्टर शेजारी बसल्या, श्वास बघत. आपणच घ्या म्हणालो होतो. पोरीला काही झालं तर? एक मिनिट तीस. अनुपमाचा हुंदका. एक चाळीस. झटके चालूच. दोन मिनिटांच्या जरा आधी मुठी सैल पडल्या. लांब श्वास आला.

"डॅडी, आय ॲम स्लीपी," शुभ्रा पुटपुटली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी तपासलं आणि संध्याकाळी घरी सोडलं.

शनिवारी सूर्यकांत थेट प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये गेले. सिस्टरना बोलावणं आलं. मॅडम कडक आवाजात म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, सिस्टर, त्या विषयावर..."

"यांनी सांगितलं नसतं," सूर्यकांतनी मध्येच तोडलं, "तर मी पोरीच्या तोंडात चमचा घातला असता. सिद्धांतच्या वेळी घातला होता. त्याचा दात तुटला. रक्त बघून मला वाटलं, संपलं सगळं."

मॅडमनी मान हलवून दोघांना जायला सांगितलं.

बाहेर पडल्यावर सूर्यकांत थांबले. "दुसऱ्या डोसचं अजून माझं ठरलेलं नाही, सिस्टर."

"मग परत पाऊण तास बसावं लागेल."

"बसेन," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून गेले.

सिस्टर खोलीत आल्या, दार लोटलं आणि पलंगाच्या कडेला टेकल्या. कालपासून आवरून धरलेलं रडू तेव्हा कुठे आलं.