अर्ध्या बोटाची पूजा

आमच्या लेकीला सहावं वर्ष लागलं आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला काहीतरी दुखायला लागलं. तव्यावरच्या डोशाला चटका बसत असेल का, गाडी खड्ड्यात आपटली की तिच्या पोटात दुखतं का, कणकेला गुद्दे का मारता. मी चाकणच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर इतरांच्या कामातले दोष काढणं हाच पोटाचा धंदा, त्यामुळे उत्तरं माझ्याकडे तयार असतात. "लोखंडाला दुखत नाही," मी एकदाच ठणकावून सांगितलं. तिने विचारलं, "तुम्ही विचारलंत त्याला?"

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा असते आणि घरची माणसंही येतात. मी तिला संत तुकाराम नगरहून स्कूटरवर पुढे उभी करून घेऊन गेलो. बायको म्हणाली होती, "तिथे तरी तिला मोकळेपणाने बोलू द्या." ते मी फारसं मनावर घेतलं नाही.

पत्रा कापणारी प्रेस मशिन चालवणारे आमचे ऑपरेटर खेडकडचे, झुपकेदार मिशांचे. उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच. तिने ते लगेच पाहिलं आणि माझा शर्ट ओढला. "काकांचं बोट कुठे गेलं?" मी हळूच म्हणालो, "मशिनमध्ये. फार वर्षं झाली. विचारायचं नसतं." एवढ्यावर विषय मिटला असं मला वाटलं, यावरून माझी समज लक्षात यावी.

ऑपरेटरांनी प्रेसला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, पेढा ठेवला. ती थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, हीच का ती मशिन?"

मी नारळ सोलायला घेतला, जो आधीच सोललेला होता.

"व्हय, हीच," ते म्हणाले.

"मग तिला पेढा का देता?"

"रोज हिच्यासंगंच काम हाय, ताई. रुसून कसं चालंल?"

"आता दुखतं का?"

एवढी वर्षं आम्ही शेजारी डबा खातोय. ते 'न्हाई' म्हणतील असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी बोटाकडे पाहिलं. "थंडीत ठणकतं जरा."

तिने पूजेच्या पाटाकडे पाहिलं. नट आवळायचे पाने, हातोडे, माझा मापं घ्यायचा व्हर्नियर, सगळ्यांना हळद-कुंकू लागलेलं. ती म्हणाली, "यांना लावायचं राहिलं." आणि कुंकवाच्या वाटीत बोट बुडवून त्यांच्या अर्ध्या बोटाला टिळा लावला. वर एक झेंडूची पाकळी चिकटवली. ते हात पुढे धरून तसेच उभे राहिले.

मागून एक जण म्हणाला, "भाऊ, झालं की काम. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा न्हाई. तुला बी सुट्टी."

सगळे हसले. ती हसली नाही. तिला घरी मीच हे शिकवलं होतं. काल पुस्तकं पूजेला लागली आणि अभ्यास बंद झाला, तेव्हा तिने हा नियम फार आनंदाने मान्य केला होता.

मसालेभाताची पानं आली. ऑपरेटरांनी हात धुवायला नळाकडे पाय वळवले तशी ती आडवी आली.

"पुसायचं नाही. हात पूजेत आहे."

"आवो, मग जेवू कसा?"

"अगं, मस्करी केली त्यांनी," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. चमचा आणला, त्यांना उलट्या क्रेटवर बसवलं आणि समोर उभी राहून भरवायला लागली. तेही राव, मिशा सावरून तोंड उघडायला लागले.

"थंडीत बोटाला काय घालता?" तिने दोन घासांच्या मध्ये विचारलं.

"काय न्हाई. खिशात ठिवतो."

"आणि मशिन चालवताना?"

त्यांनी घास गिळला. मी माझ्या पानाकडे पाहिलं.

"तवा दुखू देतो," ते म्हणाले.

तिने मान हलवली. पुढचा घास तिने जास्त वेळ फुंकला आणि ओठांना लावून, पुरता निवलाय याची खात्री करून मगच त्यांच्या तोंडाशी नेला.