झाकणावरचं नाव

जुने लॅपटॉप ओळखायचा मला भारी नाद. झाकणावर नाव कुणाचंही असो, बॅटरी काढली की खालच्या स्टिकरवर खरी कंपनी सापडते.

आमच्या शेजारच्या मावशीचा नवरा आखातात होता. त्याने तिकडून आणलेला लॅपटॉप तिने त्याच्या हार घातलेल्या फोटोखाली, क्रोशाच्या रुमालात जपलाय. काल तिने तो कौतुकाने माझ्या हातात दिला. मी मूर्खाने तिथेच उलटा केला, बॅटरी काढली आणि ओरडलो, "मावशे, ह्या नाव खरा न्हय! दुसऱ्याच कंपनीचो माल आसा!"

"म्हणजे तेंका फसवल्यानी?"

लॅपटॉप एक कंपनी बनवते, झाकणावर नाव दुसरी लावते, धंद्यात असंच चालतं, हे मी समजावत राहिलो. ती ऐकत नव्हती. रुमाल नीट घालून फोटोकडे बघत म्हणाली, "बरा झाला, ह्या आयकूक ते नाय."