अवसेची सुट्टी

कमळ माझी वेसाव्याच्या शाळेतली मैत्रीण. सातवीनंतर ती मासळीच्या टोपलीकडे गेली, मी पुढे शिकले. १९६८ मध्ये मी मराठी घेऊन बी.ए. झाले. तेव्हा तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं. सासूने मढची एक मुलगी हेरून ठेवली होती. शिमग्यापर्यंत कमळला दिवस गेले नाहीत, तर नवऱ्याचं, तुळशीदासचं, दुसरं लग्न.

"तू शिकलेली. अंधेरीच्या डॉक्टरीणबाईशी तूच बोल," कमळ म्हणाली.

मी दोघांना घेऊन गेले. बाईंनी विचारलं, "काय होतंय?" मी पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागले.

कमळच बोलली, "पोर होत नाय. मना तपासा. ह्यालाबी तपासा."

तुळशीदास दाराआड सरकला.

तपासण्या झाल्या. दोष कुणातच निघाला नाही. मग बाईंनी कमळला विचारलं, "पाळी वेळेवर येते?"

"पुनव आली का आलीच."

"आणि नवरा घरी कधी असतो?"

"भांगेला. अष्टमीच्या सुमारास पाणी मंद, तवा होडी किनाऱ्यावर. पुनवेला न् अवसेला उधाण, तवा तो दर्यात."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अगं, दिवस राहण्याचा काळ दोन पाळ्यांच्या मधला. म्हणजे तुझा अमावास्येच्या आसपास."

"आन तवा हा बोंबील धरतो!" कमळने कपाळावर हात मारला.

मी छताकडे बघत बसले.

आता तुळशीदासने अवसेला घरी राहायचं होतं. पण होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, त्याचा बापच होता. अनंता तांडेल उधाणात कुणाला सुट्टी देत नसे.

"पोट दुखतंय म्हणून सांगा," मी सुचवलं.

"बाबा ओवा देल न् होडीत चढवल," तुळशीदास म्हणाला.

अवस आली. तो मुकाट्याने होडीत चढला. कमळ मला वाळूवर सोडून गुडघाभर पाण्यात शिरली. सगळे खलाशी बघत होते.

"बाबा, ह्याला उतरवा. नातू पाहिजे का नको?"

"म्हंजे गो?"

"डॉक्टरीण बोलली, पोर अवसेचाच राहतो. तवा तुमी ह्याला दर्यात नेता. मग माझ्यात खोट काढता!"

मला वाळूत शिरावंसं वाटलं. खलाशी हसले. अनंता हसला नाही.

"तुळशा, उतर."

"बाबा, जाळं कोण वडंल?"

"मी वडतो. तू घरी जाऊन तुझं काम कर. आन तुझ्या आयेला सांग, मढला कोन जानार नाय."

होडीत एकच हशा उठला. तुळशीदास मान खाली घालून उतरला. कमळ त्याच्या पुढे ताठ चालत गेली.

पुढच्या काही अवसा तो किनाऱ्यावरच राहिला. येणारेजाणारे खलाशी त्याला चिडवत, तो जाळं विणत बसे. मग शिमग्याच्या आधीच्या अवसेला कमळनेच त्याची डबा-घोंगडी होडीत ठेवली.

"जा आता दर्यात," ती हसत म्हणाली. "राहिलेत दिवस."