तिनं न घेतलेलं नाव
ओल्या शाईचा वास आला की वेल्ह्याची कचेरी आठवते. धरणात जमीन गेलेल्यांना बदली जमीन मिळणार होती, त्यांची यादी माझ्या टेबलावर होती. मी नवा कारकून. पानशेतकडची एक बाई आली, म्हणाली, "आमचं हाय का बघा." मालकाचं नाव विचारलं तर मान खाली. नवऱ्याचं नाव ती कसं घेणार, आणि गावात सगळे एकाच आडनावाचे. "तुमी वाचा, आलं की सांगते." मी पहिल्यापासून वाचू लागलो. पानं उलटली, ती गप्पच. शेवटची चार-पाच नावं उरली तेव्हा मी मुद्दाम सावकाश वाचायला लागलो. यादी संपली. "परत वाचा, भाऊसाहेब." मी परत वाचली. आज वाटतं, त्या खेपेला तिच्यापेक्षा मीच जास्त कान लावून ऐकत होतो.