छत्रीला मोकळं आभाळ

गोरेगाव पूर्वेला, स्टुडिओंच्या मागच्या गल्लीत आमची गाडी उभी होती आणि तिच्या टपावर एक छत्री दुमडून ठेवलेली होती. पावसातली छत्री नव्हे. मुंबईत टीव्हीच्या डिश अँटेनाला आपण छत्री म्हणतो ती. गाडी म्हणजे शूटिंगच्या वेळी नटनट्यांना बसायला देतात तसली जुनी व्हॅन. मालकानं तिच्यात झोपायला बाकं, एक शेगडी आणि टीचभर मोरी बसवून ती सहलींना भाड्यानं द्यायला काढली होती. आतल्या आरशाभोवतीचे दिवे मात्र त्यानं तसेच ठेवले होते. ते लावले की आपण कोणीतरी मोठे आहोत असं वाटायचं, आणि चेहऱ्यावरचा प्रत्येक डागही दिसायचा.

“ताई, गाडी एकदम झकास आहे,” मालक म्हणाला. “फक्त छत्री उघडी ठेवून गाडी हलवायची नाय. हलवली की वाट लागली. आणि छत्रीचं तोंड नेहमी आग्नेयेला. मध्ये झाड आलं, बिल्डिंग आली, तर चित्र गेलं समजा.”

“आग्नेयेलाच का?” मी विचारलं. मला असले प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

“तिकडे वरती सॅटेलाइट आहे ना. तो काय आपल्यासाठी जागा बदलणार नाय.”

एवढा टीव्हीचा सोस कशासाठी, ते आधी सांगते. माझे बाबा पूर्वी गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर आम्ही चारकोपला आलो. बाबांचं गाव देवगडच्या अलीकडे, खाडीकाठी. तिथं त्यांचा धाकटा भाऊ, सदाकाका, राहतो. माझी आजी भर पावसाळ्यात गेली तेव्हा बाबा मुंबईहून निघाले, पण घाटात दरड कोसळलेली. ते पोचले तोवर काकानं आजीला अग्नी देऊन टाकला होता. “थोरल्या मुलाची वाट बघितली नाही,” हे एक वाक्य बोलून बाबांनी भावाशी बोलणं टाकलं, ते टाकलंच. माझ्या लग्नातही दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसले होते.

यंदा काकाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यातून उठल्यावर त्यानं मला फोन केला. “चेडवा, दादाक एकदा बघूक होया,” एवढंच म्हणाला. मग मी किनाऱ्या-किनाऱ्यानं जायची सहल आखली. खाडीवरच्या फेरीबोटी, समुद्राचे रस्ते, मासे, अशी लालूच बाबांना दाखवली. बाबांनी नकाशा पाहिला आणि माझ्याकडेही पाहिलं.

“येतो,” ते म्हणाले. “पण रात्री गाडीतच झोपणार. कोणाच्या दारात जाणार नाही. आणि क्रिकेटची मालिका चालू आहे, ती बुडवणार नाही.”

मोबाइलवरची मॅच बाबांना दिसत नाही. मोतीबिंदूचं एक ऑपरेशन व्हायचंय. शिवाय त्या बाजूला रेंज लहरी. म्हणून ही छत्रीवाली गाडी. आईला घाटातच काय, सपाट रस्त्यावरही मळमळतं, त्यामुळे ती ठाण्याला बहिणीकडे राहिली. निघालो आम्ही तिघं: बाबा, मी आणि गाडी चालवायला माझा नवरा नितीन.

पवईवरून ऐरोली, पुढे पेण, आणि अलिबागनंतर उजव्या हाताला समुद्र दिसायला लागला. पहिला मुक्काम दिवेआगरला. तिथल्या एका घरगुती खानावळीच्या काकूंना मी आधी फोन केला होता. “आमच्या छत्रीला मोकळी जागा आहे ना?” असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, “खुंट्या आहेत की हो दारामागे. पण आता कुठला पाऊस?” तिथं पोचल्यावर त्यांनी टपावरचं प्रकरण पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

जागा सुंदर होती. पुढे किनारा आणि मागे सुरूचं दाट बन. नेमकं तिथंच घोडं अडलं. समुद्र पश्चिमेला, आमच्या छत्रीला हवी आग्नेय, म्हणजे समुद्राकडे पाठ करून जमिनीकडे तिरपं वर बघायचं. आणि तिकडे सुरूचे शेंडे! नितीननं टपावर चढून छत्री इकडे फिरवली, तिकडे फिरवली. आतून मी ओरडत होते, “आलं! गेलं! आलं रे! गेलं!” शेवटी आम्ही गाडी बनाबाहेर काढून गावातल्या खेळाच्या मैदानाच्या कडेला लावली. तिथून समुद्राचा थेंबही दिसत नव्हता, चित्र मात्र स्वच्छ. बाबांनी उकडीचे मोदक खात मॅच पाहिली आणि मी एकटीच चालत किनाऱ्यावर सूर्यास्त बघून आले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या सहलीचं तंत्रच बदललं. सुंदर जागा शोधण्याऐवजी मी आग्नेयेला मोकळं आभाळ असलेल्या जागा शोधू लागले. अशा जागा सहलीच्या पुस्तकात नसतात. बागमांडल्याची फेरीबोट उतरून वेसवीला लागल्यावर आम्ही एका भातखाचरात थांबलो. तिथं एक बाई पेंढ्याची उडवी रचत होती. तिनं स्कोअर विचारला आणि पेंढा रचता रचता फलंदाजाला दोन शिव्याही दिल्या. गुहागरजवळ सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर) मुक्काम केला. चहूबाजूंनी नुसतं आभाळ, वाळलेलं गवत आणि वारा. आग्नेयेच्या नादानं मी जे कोकण पाहिलं, ते समुद्राकडे तोंड करून बसणाऱ्याला कधी दिसत नाही. मला ते फार आवडलं, हे कबूल केलं पाहिजे.

त्या सड्यावरून निघताना आम्ही छत्री मिटायला विसरलो. एक स्कूटरवाला मागून हातवारे करत आला. आम्हाला वाटलं, ओळखीचा आहे. आम्हीही हात हलवले. तेवढ्यात आंब्याच्या फांदीनं छत्रीला असा दणका दिला, की गाडीतला आरसा हादरला. “तरी सांगत होतो!” तो म्हणाला. छत्रीची कड वाकली. नितीननं कपडे वाळत घालायच्या दोरीनं ती बांधली आणि म्हणाला, “मालकाला तूच तोंड दे यार.” बाबा मात्र खूश होते, कारण ही वेंधळेपणाची परंपरा त्यांच्या मते माझ्या आईकडून आलेली.

जैतापूर मागे पडलं तसे बाबा खिडकीशी सरकून बसले. रस्ता उतरून खाडीकडे वळला. गावाचं नाव लिहीत नाही. काकाला आवडायचं नाही. गाव सगळं माडाखाली. मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ होता आणि बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं, “देवळाकडे लाव. नाहीतर धक्क्यावर.”

देवळापुढे पिंपळ. धक्क्यावर गेलो तर आग्नेयेला डोंगर अंगावर आलेला. शाळेकडे गेलो, तिथं आंब्याच्या राया. टीव्हीच्या पडद्यावर एकच ओळ: सिग्नल शोधत आहे. धक्क्यावर जाळं निवडत बसलेल्या एका आजींना मी विचारलं, छत्रीला मोकळं आभाळ कुठं मिळेल? त्यांनी टपाकडे पाहिलं, मग खिडकीतल्या बाबांकडे पाहिलं. ओळखलं असणार.

“सगळो गाव माडात,” त्या म्हणाल्या. “आभाळ बघूचा तर सदाच्या खळ्यात.”

खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं मोठं अंगण. नितीननं माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे पाहिलं. खरं सांगते, मी हे ठरवून केलेलं नव्हतं. इतकं चांगलं ठरवणं मला जमत नाही.

“बाबा, मॅच सोडू या का?” मी विचारलं.

बाबांनी पडद्यावरची ती ओळ पुन्हा एकदा बघितली. मग म्हणाले, “खळ्यात लाव. पण मी उतरणार नाही.”

काका ओटीवरच बसला होता. ऑपरेशननंतर अगदी वाळलेला, अंगावर शाल. गाडी खळ्यात शिरली तसा तो उठला, परत बसला. मी जाऊन पाया पडले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण डोळे गाडीच्या दाराकडे. “दादा इलो?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “आलेत, काका. पण छत्रीसाठी.” काकाला काय कळलं कोण जाणे. “इलो तां बरा झाला,” तो म्हणाला.

नितीननं छत्री उघडली. पहिल्याच फटक्यात चित्र लागलं. बाबा आत बाकावर बसून मॅच बघू लागले. काकूनं घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी पाठवली. बाबांनी आतच खाल्ली. मग काका हळूहळू खुर्ची ओढत आला आणि गाडीच्या उघड्या दारापाशी बसला. त्याच्या घरात टीव्ही होता, तरी तो आमचाच बघत राहिला. एक भाऊ गाडीत, एक खळ्यात. मधे फक्त पायरी. मी आणि नितीन ओटीवर बसलो होतो.

“ह्यो खेळूचो नाय,” काका पडद्याकडे बघत म्हणाला.

“खेळतलो. बघ तू,” बाबा पडद्याकडे बघतच बोलले.

इतक्या वर्षांनी भावाभावांत झालेलं हे पहिलं बोलणं. मला हसावं की रडावं कळेना.

मग वारा सुटला. दोरीनं बांधलेली छत्री हलली आणि चित्र गेलं. सिग्नल शोधत आहे. नितीन उठायला लागला, मी त्याचा हात धरून बसवलं. गाडीत आणि खळ्यात दोघेही त्या रिकाम्या पडद्याकडे बघत होते.

“दादा,” काका म्हणाला, “आयेक ठेवूक जमला नसता. पाऊस होतो. मी सकाळपर्यंत वाट बघलंय.”

“माका कोणी सांगूक नाय.”

“सांगू कसा? तेच्यानंतर तू माझो फोन घेऊक नाय कधी.”

चित्र आपोआप परत आलं. कोणीतरी बाद झालं होतं आणि प्रेक्षक ओरडत होते, पण ते दोघं तिकडे बघत नव्हते. मी बाबांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही ते रडले नाहीत. त्यांनी चपला शोधल्या, पायरीला धरून खाली उतरले आणि खळ्याच्या कडेला, पाण्याचे हंडे ठेवायच्या घडवंचीपाशी जाऊन उभे राहिले.

“पाणी दी रे,” ते म्हणाले. “पाय धुतंय.”

पाय धुवायचे म्हणजे घरात जायचं. काकू आतून तांब्या घेऊन धावत येत होती, पण काकानंच तो तिच्या हातातून घेतला. वाकायला त्याला मनाई होती, तरी त्यानं वाकून पाणी घातलं. मी नितीनच्या खांद्यात तोंड खुपसून रडले. मॅच कोण जिंकलं, ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. उरलेले मुक्काम आम्ही त्याच खळ्यात काढले. बाबा घरात झोपले, गाडीत आम्ही दोघंच. ठरवलेले किनारे तसेच राहून गेले.

परतीला थेट महामार्ग धरला. गोरेगावच्या मालकानं वाकलेली कड पाहून कपाळावर हात मारला. “मी सांगितलं होतं ना ताई?” नितीननं मला पुढे ढकललं. मी पडेल ते बोलणं ऐकून घेतलं.

किनारा किती पाहिला, असं लोक विचारतात तेव्हा मला उत्तर देता येत नाही. समुद्राकडे पाठ करूनच बराचसा प्रवास झाला. पण घरी बसून जो मार्ग मी रेघ ओढून आखला होता, त्यात बाबांच्या भावाचं खळं नव्हतं. असण्याची माझी हिंमतच नव्हती. मुक्काम ठरवायचं काम मी त्या वाकड्या छत्रीवर सोडलं, हे बरंच झालं.

आता मॅच असली की काकाचा फोन येतो आणि बाबा तो स्पीकरवर टाकून शेजारी ठेवतात. काकाकडे छत्री आहे. आमच्या चारकोपच्या सोसायटीत आता टीव्ही इंटरनेटवरून येतो, त्यामुळे आमचं चित्र काकापेक्षा जरा मागून येतं. परवा त्यावरून गोंधळ झाला. आमच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पुसत होता आणि फोनमधून काका ओरडला, “गेलो, गेलो!”

“अरे, सांगू नको!” बाबा वैतागले. “माझ्याकडे अजून बॉल टाकूक नाय! जरा थांब की!”

काका गप्प झाला. पुढची विकेट पडली तेव्हा फोनमधून नुसता त्याच्या श्वासाचा आवाज आला आणि दूर कुठं तरी कोंबडा. त्याला सगळं दिसून चुकलं होतं. तो बोलला नाही. आमच्या पडद्यावर गोलंदाज धावत आला, चेंडू पडला, यष्ट्या उडाल्या. बाबा फोनकडे वाकले.

“हां, इलो माझ्याकडे,” ते म्हणाले. “आता बोल.”