रुख्माची फाइल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर बौद्ध... भूतखेत, अंगात येणं लहानपणापासूनच बाद. त्यात मी पायथनमध्ये प्रोग्राम लिहून पोट भरणारा माणूस. तरीही हे घडलं.

यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका जिनिंग कारखान्यासाठी मी रेच्यांचा प्रोग्राम केला होता. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणारं यंत्र. तिथल्या बायांनी प्रत्येक रेच्याला नाव ठेवलेलं — सखू, बायजा, रुख्मा. मीही त्याच नावांच्या फायली केल्या. ऑपरेटरने नाव टाइप केलं की प्रोग्राम त्या नावाची फाइल शोधून तिथल्या तिथे लोड करणार आणि तो रेचा सुरू. फाइल नसली की एरर. बस्स.

मग कापसाचे वाईट दिवस आले. मालच येईना. मालकाने रुख्मा भंगारात काढली, तिची फाइल मी स्वतः डिलीट केली. शेवंतामावशी ढसाढसा रडली. आईमागे मला वाढवणारी ही माझी मावशी, अर्धा जन्म रुख्मावर राबलेली. आता ती सखूवर होती.

त्या दुपारी मी कॉम्प्युटरपाशीच होतो, सखू चालू होती. ऑपरेटर गजूभाऊंना बायजा सुरू करायची होती, पण सवयीने टाइप झालं... रुख्मा.

"काय गजूभाऊ, रुख्मा कुठं राह्यली आता?" मी हसलो. पण एंटर दाबून झालं होतं.

एरर आलाच नाही. स्क्रीनवर आलं — 'रुख्मा लोड झाली'. आणि सगळं जिनिंग एकदम बंद पडलं!

त्या शांततेत घोगरा आवाज आला, "पोट्ट्या... धाव रे!"

मावशीचा पदर सखूत ओढला जाऊन गळ्याला आवळला होता. आणखी अर्धा फेरा फिरला असता तर... लिहवत नाही. मी धावत जाऊन पदर कापला.

जाणकार म्हणतील, जुनी कॉपी राहिली असेल. सगळा कॉम्प्युटर पालथा घातला, नाही सापडली. तेच नाव पुन्हा पुन्हा टाकलं, दर वेळी एरर. आणि असती तरी काय? रुख्माच्या फायलीत सगळे रेचे बंद करायची आज्ञा मी कधी लिहिलीच नव्हती.

संध्याकाळी मावशी कॉम्प्युटरपाशी आली. गळ्यावर लाल वळ.

"याच्यात अजून हाय का रे थे रुख्मा?"

"नाही मावशी. मीच पुसली होती."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. "मंग आली कुठून?"