पूजेतलं पेन

आप्पांचं ते पेन जपानी होतं. कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ते घेतलं. काळंभोर लाखकाम आणि त्यावर सोन्याच्या भुकटीनं रेखलेला, कमळावर बसलेला बुद्ध. त्याचे डोळे मिटलेले की किलकिले, हे मला कधीच कळलं नाही. लहानपणापासून मला त्याची भीतीच वाटायची. आप्पा वकील. आल्यागेल्याला पेन दाखवत सांगायचे, "सगळं सोडून द्यावं, हे शिकवतोय हा." सांगताना पेन मात्र घट्ट मुठीत. आम्हाला हात लावायची सोय नव्हती.

मी एकोणीस वर्षांची होते. खंडेनवमीला आमच्याकडं पुस्तकं-लेखण्या पूजेत मांडतात आणि दसऱ्याला पूजा हलेपर्यंत कुणी एक अक्षर लिहीत नाही. आप्पांनी पाटावर कायद्याची पुस्तकं रचली, वर पेन ठेवलं. आई म्हणाली, "अहो, ते तेवढं नको मांडायला. बघवत न्हाय मला आज." आप्पा हसले. तासाभरात आई पोट धरून चुलीपाशी बसली.

टांग्यातून दवाखान्यात नेलं. मडम डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि कागद पुढं केला. आतडं फुटायच्या आत पोट उघडायला हवं होतं, त्यासाठी नवऱ्याची सही. तिनं स्वतःचं पेनही काढून दिलं. आप्पांनी हात जोडले.

"आज लेखणी धरायची न्हाय, बाई. उद्या पूजा हलली की पहिली सही हीच."

मी रडले, भांडले. "आप्पा, आई जाईल हो!"

"आक्का, नेम मोडला तर जाईल."

तोच टांगा फिरवून मी घरी आले आणि पूजेतलं पेन उचललं. बुद्धाच्या तोंडाला कुंकू लागलं होतं. डोळे तसेच. परत येऊन ते आप्पांच्या हातात कोंबलं.

"पूजा मी हलवलीय. आता पाळायचं काही उरलं न्हाय. करा सही."

त्यांनी बुद्धावरचं कुंकू उपरण्यानं पुसलं. मग सही केली.

दसऱ्याच्या सकाळी आई गेली. डॉक्टर म्हणाली, उशीर झाला. आप्पा म्हणाले, पूजा हलवायला नको होती. दोघांनीही ते मलाच सांगितलं.

आप्पांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी पेन परत पूजेत मांडलं आणि दिवसभर पाटाशेजारी बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत. तोंड पूजेकडं नव्हतं, माझ्याकडं होतं.